लिक्विड नायट्रोजनच्या लाइनला ३०४ एल की ३१६ एल? आणि मॅग्नेट चिकटला तर माल परत पाठवायचा का?

वेर्णा_बी_शिफ्ट | सोमवार, रात्री १०:१५

मंडळी, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आवारात लिक्विड नायट्रोजनची उभी टाकी आहे. तिथून नवीन फ्रीझ ड्रायरच्या खोलीपर्यंत साधारण वीस मीटर लाइन न्यायची आहे. व्हॅक्यूम जॅकेटवाली, आतला पाइप एक इंची स्टेनलेस. चवथीच्या सुट्टीआधी चालू व्हायला हवी, असं साहेबांचं म्हणणं.

आता घोळ ऐका. ठेकेदाराने कोटेशन ३०४ एलचं दिलंय. आमचे प्रोजेक्टवाले म्हणतात ३१६ एल घ्या, महाग ते चांगलं. पर्चेसवाला म्हणतो एसएस म्हणजे एसएस, माझ्याकडे २०२ चा भाव निम्म्याच्या आसपास आहे. त्यात काल नमुन्याचे एल्बो आले. क्वालिटीच्या पोराने खिशातून मॅग्नेट काढून लावला. पाइपला चिकटला नाही, एल्बोच्या बाकावर मात्र हलकासा धरला, वेल्डवरही थोडा. पोराने लगेच लाल स्टिकर लावून माल बाजूला ठेवला.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे टाकीच्या व्हेंटखाली एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या, चॅनेलचा एक ब्रॅकेट होता. टँकर भरताना त्यावर थेंब पडायचे. परवा होज ओढताना त्याला जरासा धक्का लागला आणि कोपऱ्यातून सरळ दोन तुकडे. वाकलासुद्धा नाही. आता सगळे मला विचारतायत, पाइपचंही असंच झालं तर?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. गुगलवरचे तक्ते पाहिलेत, पण त्यात २० अंशांचे आकडे आहेत. आपलं काम उणे १९६ चं.

रविवारचा_शिवराक | सोमवार, रात्री १०:३२

ब्रॅकेटचा फोटो टाका. आणि पर्चेसवाल्याचाही.

फोंड्याचा_लोहार | सोमवार, रात्री ११:५०

ब्रॅकेट तुटला हे बरं झालं. माणूस खाली नव्हता, आणि कुठलंही प्रशिक्षण देऊन पटलं नसतं ते सगळ्यांना पटलं.

पाइपचं तसं होणार नाही. कारण सांगतो, जरा धीर धरून वाचा. साधं पोलाद आणि ३०४ यांच्यातला खरा फरक गंजण्याचा नाही, आत अणू कसे रचलेत याचा आहे. साध्या पोलादात घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मधोमध एक अशी मांडणी असते. ३०४, ३१६, ३१० यांच्यात कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर. हिला ऑस्टेनाइट म्हणतात. धातू वाकतो म्हणजे आतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. पहिल्या मांडणीत हे सरकणं उष्णतेच्या कंपनांच्या मदतीवर चालतं. थंडी वाढली की मदत संपते आणि सरकायला लागणारा ताण झपाट्याने चढतो. एका तापमानाला तो इतका चढतो की सरकण्यापेक्षा फाटणंच सोपं पडतं. मग धातू वाकत नाही, मोडतो. साध्या पोलादात हे संक्रमण शून्याच्या आजूबाजूपासून उणे चाळीसपर्यंत कुठेही येऊ शकतं. कार्बन किती, दाणा केवढा, जाडी किती, खाच आहे का, यावर अवलंबून.

ऑस्टेनाइटमध्ये थर दाटीवाटीने बसलेले असल्यामुळे सरकायला कमी जोर लागतो, आणि थंडीत तो जोर वाढला तरी बेताने वाढतो. म्हणून त्यात असं संक्रमणच येत नाही. तांबं आणि अॅल्युमिनियम याच मांडणीचे, तेही थंडीला घाबरत नाहीत.

तेव्हा 'एसएस म्हणजे एसएस' हे वाक्य त्या पर्चेसवाल्याकडून लिहून घ्या. ४१० आणि ४३० हेसुद्धा स्टेनलेसच. भांड्यांत, सुऱ्यांत उत्तम, पण मांडणी पहिल्या प्रकारची. लिक्विड नायट्रोजनला लावाल तर तुमच्या ब्रॅकेटचे भाऊबंद. डुप्लेक्स २२०५ चं अर्धं अंग तसलंच, म्हणून त्याला उणे ५० च्या खाली सहसा कोणी नेत नाही.

वेर्णा_बी_शिफ्ट | मंगळवार, सकाळी ७:०५

काका, शतशः आभार. शिफ्टला जाता जाता विचारतो, २०२ चं काय? तेही ऑस्टेनाइटच ना?

फोटो जोडला आहे. (ब्रॅकेटचा.)

फोंड्याचा_लोहार | मंगळवार, सकाळी ८:२०

प्रश्न बरोबर विचारलात. २०२ ऑस्टेनिटिकच आहे. त्यात निकेल ४ ते ६ टक्के, आणि उरलेली जागा मँगॅनीज नि नायट्रोजनने भरलेली. ३०४ मध्ये निकेल ८ च्या वर. मँगॅनीज-नायट्रोजनवाली ऑस्टेनिटिक पोलादं खोल थंडीत चिवटपणा बऱ्यापैकी गमावतात, काही तर चक्क ठिसूळ होतात. २०१ एलएन नावाची खास ग्रेड क्रायोजेनिक कामाला चालते हे खरं, पण तिचं रसायन बांधून दिलेलं असतं. बाजारात 'दोनशे दोन' म्हणून रेलिंगसाठी विकतात त्यात नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गेटला लावा, लाइनला नको.

फोटो पाहिला. तुटलेल्या तोंडावर ते चकचकीत दाणे दिसतात ना, मिठाचे खडे फुटल्यासारखे? प्रत्येक दाणा आपल्या सपाट पातळीवरून फाटलाय. कडा जराही आकसलेल्या नाहीत. ३०४ ची पट्टी उणे १९६ ला ओढून तोडली तर तोंड करडं, रेशेदार येईल आणि मान बारीक झालेली दिसेल.

एक गोष्ट नजरेआड करू नका. व्हेंटखालचे थेंब नायट्रोजनचेच असतील असं नाही. उघड्या थंड पाइपवर हवाच द्रवरूप होते. ऑक्सिजन उणे १८३ ला द्रव होतो, म्हणजे नायट्रोजनच्या आधी, त्यामुळे त्या थेंबांत ऑक्सिजनचं प्रमाण हवेपेक्षा बरंच जास्त असतं. खाली ग्रीस, लाकडी फळी, डांबर काही असेल तर आधी ते हलवा.

डिचोलीची_चाफेकळी | मंगळवार, दुपारी १:१०

मी टेस्टिंग लॅबमध्ये आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. आकडे हवे होते ना, घ्या. सगळे अॅनील्ड मालाचे, आणि साधारण. हीटनुसार, म्हणजे भट्टीच्या घाण्यानुसार, पुढेमागे होतात.

३०४ ची ओढशक्ती खोलीच्या तापमानाला सहाशे मेगापास्कलच्या आसपास येते, लिक्विड नायट्रोजनमध्ये दीड हजाराच्या घरात. अडीच पट! पण यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा ताणायला लागतो तो, तेवढ्या प्रमाणात चढत नाही, अडीचशेवरून चारशेच्या आसपास. ३१६ उलट वागतं. त्याची ओढशक्ती बाराशे-तेराशेपर्यंतच जाते, यील्ड मात्र ३०४ पेक्षा वर. ३१० तर अकराशेच्या आसपास थांबतं. लांबणं म्हणाल तर ३०४ मध्ये पंचावन्न-साठ टक्क्यांवरून चाळीसच्या आसपास येतं, ३१६ मध्ये फारसं कमीच होत नाही. कडकपणा, म्हणजे यंगचा मॉड्युलस, जेमतेम पाच-सात टक्के वाढतो.

चार्पीत, म्हणजे हातोड्याच्या एका घावाने तुकडा तोडायच्या चाचणीत, ३०४ ची चांगली प्लेट उणे १९६ ला शंभर ज्यूलच्या वर सहज देते. तुमच्या ब्रॅकेटचा तुकडा त्याच बाथमधून काढून ठेवला तर पाच ज्यूलही देणार नाही. हातोडा त्यातून जाताना यंत्राचा आवाजसुद्धा बदलत नाही.

चाचणी कशी करतो तेही सांगते, कारण इथेच लोक फसवतात. तुकडा १० बाय १० बाय ५५ मिमीचा, मधे २ मिमी खोल व्ही खाच. थर्मासमध्ये लिक्विड नायट्रोजनखाली बुडवून ठेवायचा, उकळ्या शांत झाल्यावरही काही मिनिटं तसाच. चिमटाही त्यातच बुडवलेला हवा. बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांत हातोडा पडला पाहिजे. एखादी लॅब आरामात तुकडा बसवून, नीट मधोमध लावून, मग हातोडा सोडत असेल तर त्या रिपोर्टवरचं 'उणे १९६' विसरा. तुमच्या एक इंची शेड्यूल १० पाइपची भिंत २.७७ मिमी, त्यातून पूर्ण आकाराचा तुकडा निघतच नाही. पातळ सबसाइज घ्यावा लागतो, नाहीतर वेल्डिंगचं कुपन जाड प्लेटवर करावं लागतं. रिपोर्टमध्ये तुकड्याचा आकार लिहिलाय का बघा. ज्यूलचा आकडा आकाराशिवाय निरर्थक आहे.

वेर्णा_बी_शिफ्ट | मंगळवार, दुपारी १:४०

ताई, मग थंडीत ताकद अडीच पट होते तर पाइप आणखी पातळ घेता येईल का? साहेब हा प्रश्न विचारणारच.

फोंड्याचा_लोहार | मंगळवार, दुपारी ४:००

साहेबांना सांगा, लाइन जन्मभर थंड राहणार नाही. प्रेशर टेस्ट गरम असताना होते. शटडाउन झाला की लाइन गरम होते, आणि एखाद्या दिवशी दाब नेमका तेव्हाच चढतो. म्हणून नेहमीच्या डिझाइनमध्ये खोलीच्या तापमानाची ताकद धरतात आणि थंडीतली वाढ बोनस म्हणून सोडून देतात. थंडीतल्या ताकदीचा हिशेब धरायला एएसएमई या अमेरिकन नियमावलीत (कोडात) वेगळा भाग आहे, पण तो भांड्यांसाठी आणि अटी बऱ्याच आहेत. वीस मीटर पाइपसाठी ते उपद्व्याप नकोत.

टाकीवाले मात्र दुसरी युक्ती करतात. तयार झालेलं ३०४ चं भांडं खोलीच्याच तापमानाला पाण्याच्या दाबाने मुद्दाम यील्डच्या पलीकडे फुगवतात. धातू जरा ताणला की त्याचा यील्ड कायमचा वर चढतो, आणि तेवढी भिंत पातळ चालते. ही रीत स्वीडनमधली. रुग्णालयांच्या आवारात ऑक्सिजनच्या उभ्या टाक्या दिसतात त्यांतल्या कित्येकांचं आतलं भांडं असंच ताणलेलं असतं. बाहेरचं पांढरं कवच मात्र साध्या पोलादाचं, मधे परलाइटची भुकटी आणि व्हॅक्यूम. त्यामुळे बाहेरच्या कवचावर एकाच जागी दंव धरलेलं दिसलं तर ते सहज घेऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात व्हॉल्व्हवर बर्फाचे गोळे होतातच, लोकांना सवय झालेली असते. पण कवचाच्या अंगावर पांढरा डाग म्हणजे आत व्हॅक्यूम गेलाय किंवा गळती आहे, आणि कवच तुमच्या ब्रॅकेटच्याच जातीचं.

कुंडईची_भट्टी | मंगळवार, रात्री ९:२५

फॅब्रिकेटरच्या बाजूने बोलतो. इथे सगळे प्लेटबद्दल बोलतायत. प्लेट काय, गिरणीतून चांगलीच येते. तुटलं तर वेल्डला तुटेल.

स्टेनलेसचं वेल्ड थंड होताना चिरू नये म्हणून फिलरमध्ये, म्हणजे वेल्डात भरायच्या धातूत, मुद्दाम थोडा फेराइट ठेवतात, साधारण तीन ते आठ फेराइट नंबर. हा फेराइट म्हणजे काका म्हणतात ती पहिली मांडणी, थंडीत ठिसूळ होणारी. थोडा असला तर चालतो, जास्त झाला तर चिवटपणा खाली. प्लेट शंभराच्या वर ज्यूल देते, वेल्ड तीस-पन्नासमध्ये समाधान मानतो. म्हणून ऑर्डर देताना फिलर नुसता '३०८ एल' लिहू नका, उणे १९६ ला टेस्ट केलेला बॅच मागा. कोडात ज्यूल नाही, लॅटरल एक्स्पान्शन बघतात, ०.३८ मिमीच्या वर. म्हणजे हातोडा लागल्यावर तुकड्याची पाठ किती फुगली.

दुसरं, रॉडने रूट, म्हणजे वेल्डचा पहिला, आतला थर, मारू देऊ नका. टिग वेल्डिंग, आणि पाइपच्या आतून आर्गॉन वायू सोडायचा, म्हणजे पर्ज. फ्लक्सवाल्या रॉडचा मेटल ऑक्सिजन पकडतो, त्याचे बारीक कण राहतात, थंडीत चार्पी पडते. पर्ज केलाय का हे बघायला पाइपच्या आत टॉर्च मारा. आत काळी, फुललेली साखर दिसली की सगळा जॉइंट कापायचा. चंदेरी किंवा फिकट सोनेरी असेल तर ठीक.

मॅग्नेटवाल्या पोराला माझा नमस्कार सांगा. वेल्डवर धरला तो फेराइट. नसता धरला तर मी उलट काळजी केली असती.

डिचोलीची_चाफेकळी | मंगळवार, रात्री ९:५०

आणि एल्बोवर धरला तो मार्टेन्साइट. ३०४ चं ऑस्टेनाइट खरं म्हणजे अर्धवट समाधानी असतं. वाकवलं, दाबलं की त्यातला काही भाग मार्टेन्साइटमध्ये बदलतो आणि तो चुंबकीय असतो. थंडीत वाकवलं तर हे कितीतरी जास्त होतं. लॅबमध्ये नव्या मुलांना दाखवते: ३०४ ची पट्टी नायट्रोजनमध्ये बुडवून तिथेच वाकवायची, बाहेर काढली की बाकावर मॅग्नेट कडकन बसतो आणि सरळ भागावरून घसरून पडतो. ३१६ च्या पट्टीला तो जेमतेम लाजल्यासारखा धरतो. ३१० ला अजिबात नाही. दीड हजार मेगापास्कल येतात ते याच बदलामुळे. पट्टी जिथे बारीक व्हायला लागते तिथेच मार्टेन्साइट तयार होऊन ती जागा कडक होते, आणि ताण शेजारी सरकतो.

त्यामुळे मॅग्नेट हा ग्रेड ओळखण्याचा निकष नाहीच. २०२ लाही तो चिकटत नाही. म्हणजे तुमचा क्वालिटीवाला बरोबर माल अडवून चुकीचा आत सोडेल! एक्सआरएफ गन, म्हणजे धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र, भाड्याने मिळते, तिने निकेल आणि मँगॅनीज बघा, २०२ लगेच पकडलं जाईल. मोलिब्डेनम दिसलं तर ३१६. पण गन कार्बन मोजू शकत नाही. 'एल', म्हणजे कमी कार्बनचं, आहे की नाही ते गिरणीच्या सर्टिफिकेटवर हीट नंबर जुळवून, नाहीतर स्पार्कवाल्या स्पेक्ट्रोमीटरवरच कळेल.

फोंड्याचा_लोहार | मंगळवार, रात्री १०:१५

चाफेकळीने बरोबर सांगितलं. एवढीच पुस्ती, की हा मार्टेन्साइट कमी कार्बनचा असल्याने पाइपसाठी भीतीदायक नाही. पण बदलताना आकारमान दीड-दोन टक्के वाढतं. व्हॉल्व्हची स्टेम किंवा जिथे शंभरावा भाग मिलिमीटर जपायचाय तिथे ३१६ घेतात, ते यासाठी. द्रव हेलियमच्या तापमानाला, म्हणजे उणे २६९ ला, तर ३१६ एलएन लागतं. नायट्रोजन घातल्याने थंडीतला यील्ड खूप वर जातो आणि चुंबकत्वही नको तेवढं येत नाही. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कोलायडरमध्ये चुंबकांभोवती हेच पोलाद वापरलंय, तिथलं काम १.९ केल्विनचं.

मुरगाव_बंदर | बुधवार, सकाळी ६:४५

जहाजावर असतो, सध्या घरी. एलएनजीवाल्यांचा अनुभव आहे म्हणून लिहितो. एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, उणे १६२. काही जहाजांच्या टाक्यांचं आतलं अस्तर ३०४ एलच्या १.२ मिमी पत्र्याचं असतं, उभ्या-आडव्या घड्या घातलेलं. काहींत ०.७ मिमी इनव्हार, ३६ टक्के निकेल. एवढा माल एवढ्या पातळ पत्र्यात कसा राहतो? पत्रा वजन घेतच नाही, तो फक्त गळू देत नाही. वजन मागच्या इन्सुलेशनमधून जहाजाच्या अंगावर जातं. घड्या आहेत त्या आकसण्यासाठी. इनव्हार जवळपास आकसतच नाही, म्हणून त्याला घड्या नाहीत.

आणि हे सगळं का शिकले त्याची किंमत मोठी आहे. २० ऑक्टोबर १९४४ ला अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये एलएनजीची टाकी फुटली. साडेतीन टक्के निकेलच्या पोलादाची होती. द्रव गटारांत शिरला, पेटला, सुमारे १३० माणसं गेली. त्या निकेलवर उणे १६२ झेपत नाही. आता जमिनीवरच्या टाक्यांना ९ टक्के निकेल वापरतात.

तांबडी_माती | बुधवार, सकाळी ९:००

पण ९ टक्के निकेलचं पोलाद तर पहिल्या मांडणीचं ना? मग ते कसं चालतं? काकांच्या नियमाला धक्का लागला की हो.

फोंड्याचा_लोहार | बुधवार, सकाळी ११:३०

धक्का नाही, अपवाद आहे, आणि शहाणा अपवाद आहे. निकेलमुळे पहिल्या मांडणीतही थरांचं सरकणं सोपं होतं आणि ठिसूळ होण्याचं तापमान खाली खाली ढकललं जातं. शिवाय उष्णतेची प्रक्रिया देऊन त्यात बारीक दाणे आणि थोडंसं टिकाऊ ऑस्टेनाइट राखतात. म्हणून उणे १९६ पर्यंत पास होतं. यील्ड ३०४ च्या दुपटीहून जास्त, त्यामुळे दाभोळसारख्या ठिकाणी लागतात तेवढ्या मोठ्या टाक्यांना ते परवडतं. एक इंची पाइपला कशाला हवं.

सडा_हेडलँड | बुधवार, दुपारी २:१५

विषयाला जरा फाटा देतो. आमच्या सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, बर्फाचे गाभे ठेवायची उणे २० ची खोली तिथे आहे. आमचे भाऊजी अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री तळावर हिवाळा काढून आलेत. तिथे पारा उणे तीसच्या खाली जातो. त्यांचं म्हणणं, स्टेनलेसचा त्रास कधी झाला नाही, त्रास साध्या पोलादाचा, रबराचा आणि डिझेलचा. म्हणजे स्टेनलेसची परीक्षा अंटार्क्टिकात होतच नाही म्हणायची का?

डिचोलीची_चाफेकळी | बुधवार, दुपारी २:४०

नाहीच होत. पृथ्वीवर मोजलेलं हवेचं सर्वांत कमी तापमान अंटार्क्टिकातल्याच व्होस्टोकला, २१ जुलै १९८३ ला, उणे ८९.२. नायट्रोजन त्याच्याही शंभर अंश खाली. पण साध्या पोलादाची परीक्षा मात्र अंटार्क्टिकात रोज होते, कारण त्याची घसरगुंडी नेमकी शून्य ते उणे चाळीसमध्ये आहे. म्हणून तिकडच्या क्रेन, साखळ्या, हुक यांना उणे ४० किंवा ६० ला चार्पी केलेलं पोलाद मागतात.

गुरांचा_डॉक्टर | बुधवार, रात्री ८:३०

आम्ही कृत्रिम रेतनाला नायट्रोजनचे कंटेनर घेऊन गावोगाव हिंडतो. ते तर अॅल्युमिनियमचे. स्टेनलेस एवढं भारी तर आम्हाला का नाही? नाशिकला इंडियन ऑइलचा कारखाना आहे, तिथून येतात.

फोंड्याचा_लोहार | बुधवार, रात्री ९:१०

डॉक्टर, सांग्याच्या डोंगरात खांद्यावरून न्यायचा तर हलकाच हवा. अॅल्युमिनियम थंडीला तेवढंच भक्कम. त्याचा दोष एकच, उष्णता फार वाहून नेतं. म्हणून तुमच्या कंटेनरची मान फायबरची असते. स्टेनलेस उलट, उष्णता नेण्यात आळशी. खोलीत मीटर-केल्विनला १५ वॉट, उणे १९६ ला आठाच्या आसपास, तांबं खोलीतच चारशे. पाइप स्टेनलेसचा घेण्याचं हेही एक मोठं कारण, टोकाकडून उष्णता आत शिरत नाही.

रविवारचा_शिवराक | बुधवार, रात्री ९:३०

इलॉनभाऊंच्या रॉकेटबद्दल कोणी बोललं नाही अजून? तेही स्टेनलेसचं ना?

तांबडी_माती | बुधवार, रात्री ९:४५

त्यांच्या किती आधी अॅटलस रॉकेटच्या टाक्या ३०१ च्या होत्या. थंड रोल करून कडक केलेला इतका पातळ पत्रा, की आत दाब नसेल तर स्वतःच्या वजनाने बसायच्या. द्रव ऑक्सिजन, नंतर सेंटॉरमध्ये द्रव हायड्रोजन, उणे २५३. नवीन काही नाही.

राखणदार (संपादन मंडळ) | बुधवार, रात्री १०:००

रॉकेटसाठी वेगळा धागा काढावा. इथे वेर्ण्याची लाइन आधी पोचू द्या.

कुंडईची_भट्टी | गुरुवार, सकाळी ८:१०

पोचवतो. वीस मीटर ३०४ एल खोलीच्या तापमानावरून उणे १९६ ला गेला की ०.२८ टक्के आकसतो. ५६ मिमी. बाहेरचं जॅकेट गरमच, ते तिथेच. आतला पाइप पाच-साडेपाच सेंटिमीटर आखूड व्हायला बघणार. ड्रॉइंगमध्ये बेलो, म्हणजे आकसणं झेलणारे घड्यांचे तुकडे, कुठे आहेत विचारा. एकच लांब तुकडा, दोन्ही टोकांना जॅकेटला वेल्ड केलेला आणि मधे बेलो नाही असं असेल तर ग्रेड कुठलीही असो, टोकाचा वेल्ड नाहीतर जॅकेट वाकणार. ३१६ एलही तेवढंच आकसतं, त्यासाठी जादा पैसे देऊन उपयोग नाही.

पहिल्यांदा थंड करताना व्हॉल्व्ह चिमूटभर उघडा. द्रव पाइपच्या तळाला साचतो, तळ आकसतो, वरची बाजू गरम राहते आणि पाइप कमान घेतो. आधी गार गॅस जाऊ द्यायचा, मग द्रव.

दोन बंद व्हॉल्व्हच्या मधे द्रव अडकेल अशी एकही जागा सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय नको. नायट्रोजन द्रवाचा वायू झाला की जवळजवळ सातशे पट होतो. तिथे ३०४ ची दीड हजार मेगापास्कलही कामाला येत नाही, कारण तोवर पाइप गरम झालेला असतो.

फोंड्याचा_लोहार | गुरुवार, सकाळी ९:४०

३०४ एल की ३१६ एल याचं सरळ उत्तर राहिलं. नायट्रोजनसाठी ३०४ एल पुरे. कोडात ३०४, ३०४ एल, ३१६ एलचा मूळ माल उणे १९६ पर्यंत चार्पीशिवाय चालतो, कार्बन ०.१० च्या आत असला की झालं. ३१६ एलचा फायदा आपल्या खाऱ्या हवेत, बाहेरच्या बाजूला. वास्को-चिखलीकडे समुद्रावर असतात तर जॅकेट ३१६ एलचं घ्या म्हटलं असतं. वेर्ण्याच्या पठारावर ३०४ चालेल, पावसाळ्यानंतर तपकिरी डाग पुसावे लागतील इतकंच.

बोल्ट विसरू नका. लाइन स्टेनलेसची आणि फ्लँजला काळे बी७, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या पोलादाचे, बोल्ट, हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की बोलायची सोय नाही. बी७ ला उणे ४८ च्या खाली नेऊ नये, एल७ उणे १०१ पर्यंत, त्याखाली बी८, म्हणजे ३०४ चाच. आणि तो ब्रॅकेट परत एमएसचा लावू नका. व्हेंटचं तोंडच वळवा.

वेर्णा_बी_शिफ्ट | शुक्रवार, रात्री ११:२०

आज मीटिंग झाली. ३०४ एल ठरलं. पर्चेसच्या ऑर्डरमध्ये घातलं: हीट नंबरसह सर्टिफिकेट, पीएमआय (गनने ग्रेडची तपासणी), फिलर उणे १९६ ला टेस्ट केलेला, रूट टिग पर्ज करून, बोल्ट बी८. ड्रॉइंगमध्ये बेलो एकच होता, ठेकेदाराला हिशेब मागितलाय, तो म्हणाला सोमवारी देतो. एल्बोचा लाल स्टिकर निघाला. पोराला गन कशी धरायची ते शिकवलं, आता तो कँटीनचे चमचे तपासतोय. फ्रीझ ड्रायरच्या खोलीत ऑक्सिजन सेन्सरही घेतोय, खोली बंद असते.

एक शेवटचं. बी८ चे नट घट्ट करताना जाम होतात असं फिटर म्हणतो. तेल लावू का?

कुंडईची_भट्टी | शनिवार, सकाळी ७:३०

स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की धरतं, फिटर खरं बोलतो. पण तेल-ग्रीस नको. वर काकांनी द्रव हवेचं सांगितलंय, व्हेंटजवळच्या फ्लँजवर तेल म्हणजे आफत. ऑक्सिजनला चालणारं अँटी-सीझ मिळतं, तेच आणा आणि डब्यावर तसं लिहिलेलं बघून घ्या. इम्पॅक्ट गन नाही, हाताने, सावकाश. टेफ्लॉन गॅस्केट असेल तर ते पाइपच्या कितीतरी पट आकसतं, पहिल्या थंडीनंतर फ्लँज सैल पडणारच. टॉर्क परत लावायचा तो लाइन पूर्ण गरम झाल्यावर आणि दाब शून्य असताना. दंव दिसतंय तोवर पाना लावू देऊ नका.

वेर्णा_बी_शिफ्ट | शनिवार, सकाळी ७:४०

देव बरें करूं. बेलोचा हिशेब आला की इथेच टाकतो, काका बघा एकदा.

फोंड्याचा_लोहार | शनिवार, सकाळी ८:०५

टाका. किती मिमी हालचाल झेपते आणि किती वेळा, दोन्ही आकडे असतील तरच टाका.